जहाजतोडणी आणि कामगारांची सुरक्षा

जहाजतोडणी म्हणजे म्हाताऱ्या झालेल्या मालवाहू जहाजांचे, टँकरचे आणि प्रवासी बोटींचे तुकडे करून त्यातलं लोखंड, मशिनरी आणि फर्निचर विकायचा धंदा. जगातली बरीचशी मोठी जहाजं शेवटी गुजरातमधल्या अलंगला, बांगलादेशात चट्टोग्रामजवळच्या किनाऱ्यावर नाहीतर पाकिस्तानात गडानीला येतात. आपल्या मुंबईत दारूखान्यालाही हे काम वर्षानुवर्षं चालत आलंय, आयएनएस विक्रांत २०१४ मध्ये तिथेच तोडायला घेतली होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना याला जगातल्या सगळ्यात धोकादायक कामांमध्ये धरते.

अलंगला पहिलं जहाज १९८३ ला आलं. जागा निवडली गेली ती भरती-ओहोटीमुळे. खंभातच्या आखातात पाणी प्रचंड चढतं-उतरतं, त्यामुळे मोठ्या भरतीला जहाज पूर्ण वेगात किनाऱ्यावर चढवायचं, पाणी उतरलं की ते चिखलात रुतून बसतं आणि मग पुढून कापत कापत विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, वर ओढत न्यायचं. याला बीचिंग म्हणतात. सुकी गोदी (पाणी काढून टाकता येणारी गोदी) लागत नाही, खर्च कमी, म्हणून इथला प्लॉटवाला, म्हणजे किनाऱ्यावरच्या तोडणीच्या जागेचा मालक, जहाजाला युरोपातल्या यार्डपेक्षा जास्त भाव देऊ शकतो. पण चिखलात मोठी क्रेन नीट उभी राहत नाही, ॲम्ब्युलन्स जहाजापर्यंत जात नाही, आणि वरून कापलेली प्लेट खाली कुठे पडेल याचा भरवसा नसतो. म्हणजे जो भाव जास्त मिळतो त्यातला काही भाग कामगाराच्या जिवाचा आहे, हे स्पष्ट म्हणायलाच हवं.

कामावर सगळ्यात जास्त भीती आगीची. टँकरच्या टाकीत तेलाचा गाळ आणि वाफ उरलेली असते, तिथे गॅस कटर लावला की स्फोट होतो. म्हणून कापायच्या आधी टाकी धुवून, हवा तपासून गॅस-फ्री सर्टिफिकेट घ्यायचं असतं. तरी १ नोव्हेंबर २०१६ ला गडानीत एका टँकरवर स्फोट होऊन पंचवीसहून जास्त कामगार गेले. बंद टाक्यांत अजून एक धोका असतो तो दिसतच नाही, गंजणारं लोखंड आतल्या हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतं, माणूस आत उतरतो आणि बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो.

हे झालं अपघातांचं. अपघाताची निदान बातमी तरी होते, आजाराची कुठेच होत नाही आणि मला यातलं हेच सगळ्यात वाईट वाटतं. जुन्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये, पाइपांभोवती ॲस्बेस्टॉस गुंडाळलेलं असतं, रंगात शिसं असतं, जुन्या केबलमध्ये पीसीबी नावाची विषारी रसायनं असतात. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेले की आजार दिसायला वीस-वीस, तीस-तीस वर्षं जातात. अलंगचा कामगार बहुतेक ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडकडचा, मुकादमाच्या ओळखीने आलेला, काही वर्षं कटर नाहीतर हेल्पर म्हणून राबून गावी परत जाणारा. तिकडे म्हातारपणी दम लागायला लागला तर डॉक्टर टीबी समजून औषध देण्याची शक्यता जास्त, कारण पूर्वी कुठे काम केलं हे सहसा कोणी विचारतच नाही. ॲस्बेस्टॉसिस कारखाना कायद्याच्या नोंदवायच्या आजारांच्या यादीत होता, भरपाईच्या कायद्यातही आहे, पण हजेरीचा कागदच हातात नसेल तर दावा कुठल्या प्लॉटवर लावणार?

आणि प्लॉटच्या वरची साखळी तर अजून धूसर. जहाजाचा मालक एका देशातला, झेंडा, म्हणजे नोंदणी, दुसऱ्या देशाची, विमा तिसरीकडचा. शेवटच्या फेरीआधी जहाज कॅश बायरला, म्हणजे रोखीने घेऊन तोडणाऱ्याला विकणाऱ्या दलालाला, विकतात, तो बऱ्याचदा नाव बदलतो आणि कोमोरोस, पलाऊ, सेंट किट्स अशांचा झेंडा लावतो. धोकादायक कचऱ्याच्या देशोदेशी वाहतुकीवर बाझल करार १९९२ पासून लागू आहे, पण मालकाने बंदर सोडताना जहाज मोडीत काढणार असं सांगितलंच नाही तर ते कचरा ठरत नाही, समुद्रात असताना सौदा झाला की निर्यात करणारा देश कुठला हेच ठरवता येत नाही.

याला धक्का बसला तो क्लेमेन्सो प्रकरणात. ही फ्रान्सची जुनी विमानवाहू नौका २००५ च्या शेवटी तुलाँहून अलंगला निघाली, आतल्या ॲस्बेस्टॉसवरून दोन्ही देशांत ओरड झाली, आपल्या सुप्रीम कोर्टापर्यंत विषय गेला, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी तिला परत बोलावलं. शेवटी ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलजवळ तुटली. म्हणजे हे काम श्रीमंत देशात होऊ शकतं, फक्त महाग पडतं.

नंतर मे २००९ मध्ये जहाजांच्या सुरक्षित तोडणीसाठीचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार मंजूर झाला. त्यात प्रत्येक जहाजावर घातक पदार्थांची यादी आणि यार्डने आधीच तोडणीचा आराखडा करणं सक्तीचं आहे. भारत २०१९ मध्ये त्यात आला आणि त्याच वर्षी जहाज पुनर्वापराचा कायदाही केला, बांगलादेश २०२३ ला आला, आणि करार प्रत्यक्ष लागू झाला २६ जून २०२५ ला, म्हणजे मंजुरीनंतर सोळा वर्षांनी. या दरम्यान अलंगमध्ये खरंच सुधारणा झाल्या, बऱ्याच प्लॉटवर पक्की फरशी आली, ट्रेनिंग घेतल्याशिवाय कामावर घ्यायचं नाही असा नियम आला, हेल्मेट-बूट दिसायला लागले, आणि हे मान्य न करणं तिथल्या लोकांवर अन्याय होईल. पण करार बीचिंगवर बंदी घालत नाही, आणि झेंडा बदलायची पळवाटही बंद करत नाही. युरोपियन युनियनचे नियम जास्त कडक आहेत, युरोपीय झेंड्याच्या जहाजांना त्यांनी मान्य केलेल्या यार्डातच जावं लागतं, पण इथेही अट झेंड्याची आहे, मालकाची नाही, त्यामुळे युरोपातली कंपनी झेंडा बदलून मोकळी होते. कामगार संघटना आणि पर्यावरणवाले म्हणूनच मागणी करतायत की ज्याने जहाज चालवून नफा कमावला त्याच्याकडूनच सुरक्षित तोडणीसाठी पैसे आधीच वेगळे ठेवून घ्या, आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्य तपासणीची नोंद त्याच्या गावापर्यंत त्याच्यासोबत जाऊ द्या.