ट्रकला युरिया कशाला?

मागच्या उन्हाळ्यात मोहोळच्या अलीकडं, पुणे-सोलापूर हायवेवरच्या एका पंपावर आम्ही थांबलो होतो, मी आणि आमचे काका. शेजारी एक मोठा ट्रक लागलेला. त्याच्या ड्रायव्हरनं वीस लिटरची एक बादली फोडली आणि डिझेलच्या टाकीला लागून निळ्या झाकणाची जी छोटी टाकी असते तिच्यात ओतायला लागला. काकांनी विचारलं काय हे, तो म्हणला युरिया. झालं! घरी येईपर्यंत काकांचं एकच चालू, इथं उसाला चार पोती पाहिजे म्हणलं तर दुकानदार दोन देतो आणि वर नको असलेली औषधाची बाटली गळ्यात मारतो, आणि हे लोक गाडीला पाजायलेत.

मी म्हणलं काका थांबा, वाचून सांगतो. वाचायला बसलो तर प्रकरण थेट पहिल्या मोटारीपर्यंत गेलं.

आधी हवेचं बघू. युरियातून पिकाला मिळतो तो नायट्रोजन, आणि आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, म्हणजे प्रत्येकाच्या बांधावर डोंगराएवढं खत उभंच आहे, पण कुलूपबंद. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी गाठ मारून बसलेले असतात आणि ती गाठ पिकाच्या बापाला सुटत नाही. वीज कडाडली की थोडी सुटते. तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीतले जिवाणू ती गुपचूप सोडतात, तेही जमिनीच्या साध्या गरमीत, ना भट्टी ना प्रेशर. (ज्वारीत तुरीच्या ओळी टाकणाऱ्या आमच्या आजीला यातलं काही माहीत नव्हतं, पण रान सुधारतं एवढं पक्कं माहीत होतं.) माणसाला मात्र ही गाठ सोडायला विसावं शतक उजाडावं लागलं, तोपर्यंत युरोपातले शेतकरी शेणखत आणि चिलीहून बोटीनं येणारा सोरा यावर भागवत होते.

आता मोटार. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी मॅनहाइम नावाचं शहर आहे, तिथं कार्ल बेंझनं तीन चाकाची गाडी बनवली आणि २९ जानेवारी १८८६ ला तिच्या पेटंटचा अर्ज केला. लोक घ्यायला तयार नव्हते. मग १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन गाडीनं माहेरी निघाली, शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे धरा आपलं सोलापूर ते विजापूर. वाटेत पंप कुठला असायला, तिनं एका औषधाच्या दुकानातून डाग काढायचं लिग्रॉइन घेऊन टाकीत ओतलं, नळी तुंबली तर टोपीच्या पिनेनं साफ केली, ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. माझ्या मते पहिली खरी ड्रायव्हर आणि पहिली मेकॅनिक हीच बाई.

त्या काळच्या इंजिनांचं सगळ्यात मोठं दुखणं होतं ठिणगी, ती वेळेवर पडायची नाही. हे दुखणं काढलं श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशनं, त्याच्या कारखान्यात १९०२ साली विजेचा जास्त दाब देणारा मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र) आणि स्पार्क प्लग तयार झाला. बॉशचा प्लग आजही आपल्या गॅरेजात मिळतो.

आणि बरोबर त्याच सुमाराला नॉर्वेत बिर्केलँड आणि आइड हे दोघं ठिणगीनंच खत करायला लागले होते. विजेची मोठी ज्वाला चुंबकानं पसरवून थाळीसारखी करायची, त्यातून हवा सोडायची, गाठ सुटून नायट्रोजन ऑक्सिजनला चिकटतो, त्याचं पुढं खत. म्हणजे कारखान्यात बसवलेली आभाळातली वीजच. पण वीज एवढी खायचं की धबधब्याशेजारीच परवडायचं.

स्वस्तातली वाट सापडली जर्मनीतल्याच कार्ल्सरूहला, ज्या कॉलेजात कार्ल बेंझ शिकला होता त्याच कॉलेजात. फ्रिट्झ हाबरनं १९०९ मध्ये तिथं नायट्रोजन आणि हायड्रोजन प्रचंड प्रेशरखाली तापवून अमोनिया, ज्यापासून पुढं युरिया बनतो तो, थेंब थेंब पाडून दाखवला. (हाच माणूस पुढं पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या मागं होता, तो विषय वेगळा आणि लांबचा.) टेबलावरच्या थेंबांचा कारखाना करायचं काम आलं बीएएसएफ कंपनीतल्या कार्ल बॉशकडं. हा स्पार्क प्लगवाल्या रॉबर्ट बॉशचा सख्खा पुतण्या. कंपनी कुठली, तर लुडविग्सहाफेनची, मॅनहाइमच्या समोर, मधे फक्त नदी!

कार्ल बॉश केमिस्ट होता पण त्याआधी लोखंडाचं काम शिकलेला, आणि तेच कामाला आलं. गाडीच्या टायरमध्ये बाहेरच्या हवेच्या साधारण तिप्पट दाब असतो, इथं २०० पट पाहिजे होता, शिवाय ५०० डिग्री गरमी. पहिल्या पोलादी नळ्या ८० तासांत फुटल्या. का, तर हायड्रोजन पोलादात शिरतो आणि त्यातला कार्बन ओढून काढतो, पोलाद ठिसूळ होतं. बॉशनं केलं काय, आत कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाची नळी घातली आणि बाहेरून पोलादाचं जाड कवच. अगदी टायर-ट्यूबसारखं, ट्यूबनं हवा धरायची, टायरनं दाब सोसायचा. आणि कवचाला बारीक भोकं पाडली, म्हणजे झिरपलेला हायड्रोजन पोलाद खाण्याआधीच बाहेर. तिकडं त्याच कंपनीतल्या अल्विन मिटाशनं हजारो प्रयोग करून महागड्या ऑस्मियम धातूच्या जागी लोखंडाचा स्वस्त कॅटॅलिस्ट (रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) शोधला. १९१३ मध्ये शेजारच्या ओपाउला कारखाना सुरू झाला. आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न या एका रिअ‍ॅक्शनवर उभं आहे असा अंदाज सांगतात. त्याच ओपाउला २१ सप्टेंबर १९२१ ला गोठून दगड झालेलं खत सुरुंग लावून फोडताना ढीगच उडाला आणि पाचशेच्या वर माणसं गेली, हेही विसरायला नको.

बॉशला नोबेल मिळालं १९३१ मध्ये, फ्रीडरिश बेर्गियसबरोबर वाटून. बेर्गियसनं दगडी कोळशावर हायड्रोजनचं प्रेशर देऊन तेल करायची रीत काढली होती, आणि खताच्या कारखान्यात प्रेशर सांभाळायचं शिकलेल्या लोकांनीच जर्मनीतल्या लॉयनाला १९२७ पासून तपकिरी कोळशापासून मोटारीचं पेट्रोल काढलं. मोटारीच्या प्लगवाल्याच्या पुतण्यानं खत केलं आणि खतवाल्यांनी मोटारीला पेट्रोल दिलं, असा हिशेब.

आता काकांच्या ट्रककडं येऊ. डिझेल इंजिनात जाळ दोन हजार डिग्रीच्या वर जातो, आणि आत डिझेलबरोबर हवाही असतेच. मग बिर्केलँडच्या भट्टीत व्हायचं तेच इथं नको असताना होतं, नायट्रोजनची गाठ सुटते आणि नायट्रोजन ऑक्साइड धुराड्यातून बाहेर, फुफ्फुसाला वाईट. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा गाडीच्या धुराचा कडक नियम आला, म्हणून बऱ्याच डिझेल गाड्यांना, ट्रकला तर हमखास, ही निळ्या झाकणाची टाकी आली. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. गरम धुरात हा युरिया फुटून अमोनिया होतो, तो अमोनिया कॅटॅलिस्टवर त्या ऑक्साइडला भेटतो, आणि दोघांचं मिळून पाणी आणि साधा नायट्रोजन. म्हणजे कारखान्यात एवढी खटपट करून सोडवलेली गाठ ट्रकच्या सायलेन्सरमध्ये परत बांधायची.

काका म्हणले, मग आपलं पोतं विरघळवून टाकलं तर चालेल का? नाही चालत. शेतीच्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा थर असतो, शिवाय बाकीचा कचरा, कॅटॅलिस्टची वाट लागती, आणि सबसिडीचं पोतं तिकडं वळवणं हा गुन्हाय. गाडीचा युरिया वेगळा, कारखान्यासाठीचा.

काकांना पटलं का ते काय कळलं नाही. पण त्या दिवशी पंपावर त्यांनी ती रिकामी बादली ड्रायव्हरकडून मागून घेतली होती. घरी आल्यावर हौदावर तीनदा हिसळली आणि ते पाणी फेकलं नाही, दारातल्या मिरचीच्या रोपांना घातलं.