गोसीखुर्द ते इटियाडोह: आठवडाभराच्या नौकासहलीसाठी परवानग्या, पात्रता आणि कागदपत्रं

आठवडाभर नावेने फिरायचं ठरलं की बहुतेक जण आधी नाव शोधतात, मग माणसं जमवतात आणि निघायच्या चार दिवस आधी परवानगीचं बघतात. हा क्रम उलटा करा. आधी मुक्काम ठरवा, प्रत्येक मुक्काम कोणाच्या हद्दीत येतो ते लिहून काढा आणि मगच नावेचा विचार करा. सात दिवस सगळीकडे चालेल असं एकच परवानगीपत्र आपल्याकडे मिळत नाही. जलाशय जलसंपदा विभागाचा, त्यातल्या मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार संस्थेचा, काठ कुठे वनविभागाचा, कुठे ग्रामपंचायतीचा, तर कुठे एखाद्या शेतकऱ्याचा. पाणी सलग दिसतं, परवानग्या मात्र तुकड्यातुकड्याने घ्याव्या लागतात.

समजायला सोपं जावं म्हणून एक मार्ग धरून चालू. पहिले तीन-चार दिवस भंडाऱ्याजवळच्या कारध्याहून वैनगंगेने खाली आंभोऱ्याला आणि तिथून गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात. पुढे नाव पिकअपवर चढवून नवेगावबांध, आणि शेवटचे दोन दिवस अर्जुनी मोरगाव तालुक्यातला इटियाडोह जलाशय. गोसीखुर्द आणि इटियाडोह पाण्याने जोडलेले नाहीत, त्यामुळे मधला टप्पा रस्त्यानेच करावा लागतो. या मार्गात नागपूर, भंडारा आणि गोंदिया असे तीन जिल्हे येतात. आंभोरा नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात आहे आणि समोरचा काठ भंडारा जिल्ह्यात. रात्री कोणत्या काठाला नाव बांधणार, यावर पोलीस ठाणं बदलतं.

यंत्रणा इतकी सावध का असते

१४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण गेले. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बाया वैनगंगेत बुडाल्या. अशा घटनांनंतर कोणताही अधिकारी नावेच्या अर्जावर डोळे झाकून सही करणार नाही, आणि करूही नये. तुमचा अर्ज वाचताना त्याच्या मनात तीन प्रश्न असतात: नावेत किती माणसं बसणार, प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असणार का, आणि अंधार पडल्यावर तुम्ही कुठे असणार. अर्जाच्या पहिल्याच पानावर यांची उत्तरं दिली तर निम्मं काम झालं.

नाव कोणती, यावर पात्रता ठरते

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हा कायदा १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. त्यात इंजिनाची नाव आणि बिनइंजिनाची नाव असा स्पष्ट फरक केला आहे. इंजिन बसवलं की, मग ते लहानसं आउटबोर्ड का असेना, नावेची नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र आणि विमा लागतो आणि चालवणाऱ्याकडे सक्षमतेचं प्रमाणपत्र असावं लागतं. विदर्भाला समुद्र नसला तरी आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं. नोंदणीसाठी खरेदीचं बिल, बांधणाऱ्याचं किंवा कंपनीचं प्रमाणपत्र, इंजिनाचा क्रमांक, नावेचे फोटो आणि मालकाचं ओळखपत्र तयार ठेवा. नवीन नाव घेऊन महिन्याभरात निघायचा बेत असेल तर सहल पुढे ढकला. तपासणी झाल्याशिवाय नोंदणी होत नाही आणि ती तुमच्या सुट्टीच्या तारखा पाहून होत नाही.

वल्ह्याची नाव, कयाक किंवा गावचा डोंगा यांना ही सगळी नोंदणी लागत नाही. बिनइंजिनाच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेच्या पातळीवर ठेवावी, अशी नव्या कायद्याची रचना आहे. म्हणून नाव ज्या गावात ठेवता तिथल्या ग्रामपंचायतीत लेखी नोंद करून त्याची प्रत जवळ ठेवा. पहिल्यांदाच आठवडाभर निघणाऱ्यांनी वल्ह्याच्याच नावा घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. गोसीखुर्दच्या पोटात बुडालेल्या गावांची झाडं आणि भिंती आहेत. पाणी उतरलं की खुंट पृष्ठभागाच्या जरासे खाली राहतात आणि इंजिनाचा पंखा नेमका त्यांनाच लागतो. जलपर्णीही पंख्यात गुंतते. वल्हं मोकळं करता येतं, भर पाण्यात बंद पडलेलं इंजिन नाही.

तिसरी वाट म्हणजे व्यावसायिकाकडून नाव आणि नावाडी घेणं. राज्याने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण लागू केलं. पाण्यावरचे असे उपक्रम पैसे घेऊन चालवणाऱ्याची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी हवी. त्या नोंदणीची प्रत आणि विम्याची मुदत बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. हाच नियम उलटही लागू होतो. चार मित्रांनी खर्च वाटून घेणं वेगळं, पण ‘माणशी इतके रुपये’ अशी जाहिरात केलीत तर तुम्हीच व्यावसायिक ठरता आणि नोंदणीची जबाबदारी तुमच्यावर येते.

माणसांच्या पात्रतेचं थोडक्यात सांगतो. अर्जदार अठरा वर्षांवरचा असावा. लहान मुलं सोबत असतील तर आईवडिलांचं संमतीपत्र जोडा. हृदयविकार, फिट्स किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांचा दाखला घ्यावा. पोहता येणारे किती आणि न येणारे किती, हे खरं लिहा.

मुख्य अर्ज

मुख्य अर्ज जातो तो जलाशय ज्यांच्या ताब्यात आहे त्या जलसंपदा विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडे. गोसीखुर्दसाठी एक आणि इटियाडोहसाठी दुसरा, कारण कार्यालयं वेगळी आहेत. अर्ज लांबलचक नको. मजकूर साधारण असा असावा:

“विषय: दि. ___ ते दि. ___ या काळात जलाशयात बिनइंजिनाच्या दोन नावांनी खासगी नौकासहल करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, आम्ही खाली सही करणार सहा जण वरील काळात ___ घाटावरून निघून ___ घाटावर उतरणार आहोत. प्रत्येक नावेत तीन व्यक्ती असतील व प्रत्येकजण पूर्ण वेळ लाइफ जॅकेट घालील. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी नाव पाण्यात राहणार नाही. धरणाची भिंत, दरवाजे, विमोचक व कालव्याचे मुख यांच्या प्रतिबंधित क्षेत्रात आम्ही जाणार नाही. पाणी सोडण्याची सूचना मिळताच नावा काठावर घेऊ. मुक्कामांची यादी, नकाशा व ओळखपत्रे सोबत जोडली आहेत.”

खाली सगळ्यांच्या सह्या, पत्ते आणि घरच्या एका माणसाचा मोबाइल क्रमांक. प्रत तीन ठिकाणी द्या: जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती व्यवस्थापन कक्ष, संबंधित पोलीस ठाणं आणि तहसील कार्यालय. आंभोऱ्याच्या काठावर थांबणार असाल तर वेलतूर पोलीस ठाण्याला कळवणं विसरू नका. अर्ज दिला की आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच तिथेच मागून घ्या. पुढची सगळी चौकशी त्या क्रमांकावर होते, ‘मागच्या आठवड्यात देऊन गेलो होतो’ यावर नाही.

सोबतचे कागद असे: प्रत्येकाचं आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, दोन फोटो, नावेच्या मालकीचा किंवा भाड्याचा कागद, इंजिन असल्यास नोंदणी, तपासणी आणि विमा, लाइफ जॅकेट आणि दोर-ट्यूब यांची यादी फोटोसह, वैयक्तिक अपघात विम्याची प्रत आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर जात आहोत’ असं प्रतिज्ञापत्र. सरकारी कार्यालयात दाखल करायच्या साध्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा कोणी सांगितलं म्हणून लगेच पाचशेचा स्टॅम्प घेऊ नका. कार्यालयाने नुकसानभरपाईचं बंधपत्र मागितलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्यांच्याकडूनच नमुना घ्या.

मच्छीमार संस्थेचं पत्र

हा कागद कोणत्याही छापील यादीत दिसणार नाही, पण माझ्या मते परवानगीइतकाच महत्त्वाचा आहे. भंडारा-गोंदियातल्या जलाशयांवर आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांवर ढिवर समाजाच्या सहकारी संस्था मासेमारी करतात आणि त्यासाठी ठेक्याची रक्कम भरतात. संध्याकाळी लावलेली जाळी पहाटे काढतात. पाण्यावर फक्त थर्माकोलचे किंवा प्लास्टिकच्या बाटल्यांचे तरंग दिसतात. त्यांच्यावरून वल्हं मारत गेलात की एका घराची दिवसाची कमाई फाटते. संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटा, तारखा सांगा, जाळी कुठल्या बाजूला असतात ते विचारा आणि ‘हरकत नाही’ असं दोन ओळींचं पत्र लेटरहेडवर घ्या. त्यांच्यातलाच एखादा नावाडी सोबत घेता आला तर जरूर घ्या, ठरलेली मजुरी देऊन. वारा कोणत्या वेळी उठतो आणि खुंट कुठे आहेत, हे त्यांच्याइतकं कोणत्याही नकाशाला माहीत नसतं.

रात्रीचा मुक्काम

अर्ज अडकतात ते बहुधा इथेच. ‘काठावर तंबू ठोकू’ हे उत्तर पुरत नाही, काठ कोणाचा ते लिहावं लागतं. गावठाणाजवळचा घाट असेल तर ग्रामपंचायतीचं पत्र घ्या आणि पोलीस पाटलांना कळवा. शेत असेल तर मालकाची लेखी संमती आणि सातबाऱ्याची प्रत जोडा. देवस्थानाची जागा असेल तर विश्वस्तांना विचारा.

पाणी उतरल्यावर उघडी पडलेली जमीन मोकळी समजू नका. ती गाळपेराची असते. जलसंपदा विभाग ती हंगामापुरती कसायला देतो आणि त्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असतं. गोसीखुर्दखाली ज्यांची शेतं गेली, त्यांच्यासाठी हा पट्टा फार मोलाचा आहे. जानेवारीत तिथे हरभरा, लाखोळी उभी असते. दुरून नुसता हिरवा उतार दिसतो, जवळ गेल्यावर सऱ्या दिसतात. नाव ओढत वर आणायला वाट कोणती, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

पिण्याचं पाणी काठावरच्या गावातूनच भरा. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं, त्यामुळे जलाशयाचं पाणी उकळूनही पिऊ नये.

वनक्षेत्र लागलं तर

गोसीखुर्दच्या परिसरात उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे आणि नवेगावबांधला राष्ट्रीय उद्यान. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही, शस्त्र नेता येत नाही आणि आग लावता येत नाही. पाण्यातून गेलो, जमिनीवर उतरलोच नाही, हा बचाव चालत नाही, कारण हद्दीत पाणीही येतं. आपला मार्ग हद्दीला कुठे लागतो ते वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या नकाशावर तपासून घ्या आणि मार्ग त्या रेषेच्या बाहेर ठेवा. व्याघ्र प्रकल्पातल्या पाण्यावर, उदाहरणार्थ पेंचमधल्या तोतलाडोहवर, खासगी नाव घेऊन जायचा विचारच सोडा. अभयारण्याबाहेरच्या जंगलातही १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ असतो, तेव्हा काठावर चूल पेटवायची नाही.

गोंदिया-भंडाऱ्याच्या पाणथळ भागात सारस आहेत, राज्यात ते फार थोडे उरलेत. जोडी दिसली तर वल्हं थांबवून दुरूनच बघा. ड्रोन नेऊच नका. धरण, जंगल आणि पक्षी अशा तिन्ही बाजूंनी अडचण होते.

मार्ग पुढे वैनगंगेने गडचिरोलीत न्यायचा असेल तर नियोजन वेगळं करावं लागतं. तिथे पोलिसांना आधी भेटल्याशिवाय निघू नये. अनेक गावांत जंगल आणि पाणवठ्यांवर ग्रामसभेचे सामूहिक हक्क आहेत, म्हणून परवानगी ग्रामसभेकडे मागायची. शिवाय गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. वर्धा जिल्ह्यालाही तोच नियम. नावेत बाटली सापडली तर सहल तिथेच संपते.

कधी अर्ज करायचा

जून ते सप्टेंबर या काळासाठी अर्जच करू नका. गोसीखुर्दला ३३ दरवाजे आहेत आणि ते उघडले की खालच्या पात्राचं रूप तासाभरात बदलतं. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा हा चांगला काळ. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असतं, तेव्हा समोरचा काठ दिसेपर्यंत नाव सोडू नका. फेब्रुवारीच्या पुढे अवकाळी पाऊस आणि गारपिटीची भीती असते. जानेवारीत जायचं असेल तर अर्ज दिवाळी आटोपताच द्या. निवडणुकीची आचारसंहिता किंवा अधिवेशनाचा बंदोबस्त मध्ये आला तर पोलिसांकडून उत्तर यायला वेळ लागतो.

परवानगी हातात आली की तिच्यावरच्या अटी मोठ्याने वाचा, सगळ्यांसमोर. बहुतेक वेळा तारीख, घाट आणि माणसांची संख्या यांपैकी एकही बदलता येत नाही. सातव्या माणसाला ऐनवेळी बसवलं तर विमाही अडचणीत येतो. मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत नावेत ठेवा आणि फोटो घरी पाठवा. रोज संध्याकाळी काठाला लागलो की ठरलेल्या माणसाला फोन करायचा. फोन आला नाही तर त्याने किती वाजता ११२ ला कळवायचं, ती वेळही आधीच ठरवा. वैद्यकीय मदतीसाठी १०८, जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७ आणि वनविभागासाठी १९२६ हे क्रमांक प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहिलेले असू द्या, कारण फोन भिजतो.

वाऱ्यामुळे एखादा दिवस वाया गेला तर उरलेला मार्ग कापा, तारीख ओढू नका. वाढीव दिवस हवाच असेल तर कार्यालयाला फोन करून लेखी मुदतवाढ घ्या, मेसेजवर ‘चालेल’ आलं तरी त्याची पुढे नोंद राहत नाही. शेवटच्या घाटावर उतरलात की ज्या पोलीस ठाण्यांना आणि विभागांना कळवलं होतं, त्या सगळ्यांना ‘सर्व जण सुखरूप परतले’ असं त्याच दिवशी कळवा. नाहीतर त्यांच्या नोंदीत तुम्ही अजून पाण्यातच असता आणि रात्री शोध सुरू होऊ शकतो.