शॉकअपमध्ये तेल किती?

वडिलांच्या १९९१ च्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलचा पुढचा डावा शॉकअप वर्षभर गळत होता. पाइपवर तेलाचं कडं, त्यावर बसलेली धूळ, आणि ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसल्यासारखी पुढे झुकायची. गॅरेजमध्ये दोनदा ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी ओठाची पोलादी कडी, बदलून झालं. दोन्ही वेळा महिनाभरात पुन्हा ओल. शेवटी एका रविवारी अंगणात वर्तमानपत्रं पसरून मीच खोलायला बसलो.

तासभर गेला तो एका बोल्टपायी. बॉटमच्या, म्हणजे पाइप ज्यात सरकतो त्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीच्या, तळाशी अ‍ॅलन बोल्ट असतो. तो फिरवला की आतला डॅम्पर रॉडही त्याच्यासोबत गरगर फिरतो आणि बोल्ट जागचा हलत नाही. झाडूच्या लाकडी दांड्याचं टोक निमुळतं तासलं, वरून पाइपात घालून रॉडच्या डोक्यात ठोकून बसवलं आणि भावाला म्हटलं, आता घट्ट धर. मग कुठे तो सुटला. बाहेर आलं ते तेल करडं होतं, आणि वास सडलेल्या मासळीचा.

हे तेल वंगणासाठी असतं असा पुष्कळांचा समज आहे. वंगण ते करतंच, पण त्याचं खरं काम स्प्रिंगला आवर घालण्याचं. नुसती स्प्रिंग खड्ड्यात दबते आणि घेतलेली ऊर्जा लगेच परत देते. गाडी नाचतच राहते. शॉकअप दबताना-उघडताना तेलाला रॉडच्या बारीक भोकांतून वाट काढावी लागते आणि त्या घुसमटीत ऊर्जेची उष्णता होते. तेलाचा असा आवर असलेला टेलिस्कोपिक फोर्क (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा पुढचा शॉकअप) कारखान्यातून विक्रीला आला तो १९३५ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या आर १२ वर. भोकांची एक खोड मात्र आहे: तेलाचा वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट होतो. म्हणून अशा जुन्या गाड्या ब्रेकला मऊ वाटतात आणि धारदार खड्डा थेट मनगटात पोचवतात.

आता गळतीकडे. गॅरेजवाल्यानं ‘गळतंय ना, मग थोडं जास्तच टाकू’ असा हिशोब केला होता. पण तेलाच्या वर कोंडलेली हवा ही दुसरी स्प्रिंगच असते. समजा हवेचा स्तंभ १५ सेंटिमीटर आहे आणि शॉकअप १० सेंटिमीटर दबला. उरले ५, म्हणजे दाब तिप्पट. तेलाची पातळी फक्त ३ सेंटिमीटर वर घ्या: १२ मधले १० गेले, उरले २, आणि दाब सहापट! हा सगळा भार झेलणार कोण, तर सीलचा रबरी ओठ.

त्यात पाइपवर नख फिरवलं तर दोन ठिकाणी अडकलं. क्रोम उडून गंजाचे बारीक खड्डे पडले होते, तेही नेमके सीलच्या वाटेत. दर दणक्याला रबर त्यांवर घासत होतं. नवं सील टिकणार कसं? खड्डे साफ करून एपॉक्सीनं भरले आणि बारीक पॉलिश पेपरनं सपाट केले. खड्डे मोठे असते तर पाइपच बदलावा लागला असता.

जुनं सील स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं तर बॉटमला ओरखडे पडतात. त्यापेक्षा त्यावर उकळतं पाणी ओतावं. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे ४० मिलिमीटरच्या खाचेत ६० अंशांच्या फरकाला पोलादी सीलभोवती मिलिमीटरचा चाळिसावा भाग सैल होतो. एवढं पुरतं.

तेल मापानं ओतण्यापेक्षा पातळी मोजलेली बरी, कारण भिंतींना चिकटलेलं जुनं तेल हिशोब बिघडवतं. स्प्रिंग बाहेर ठेवली, पाइप पूर्ण खाली दाबला, बुडबुडे थांबेपर्यंत वर-खाली केला आणि स्टीलची पट्टी आत सोडून दोन्ही बाजू सारख्या केल्या. चाक बसवल्यावर हँडल चार-पाचदा दाबून घेतलं आणि मगच अ‍ॅक्सल (चाकाचा दांडा) आवळला; नाहीतर दोन्ही बाजूंचे शॉकअप तिरके अडकून जाम चालतात.

पाइपवर आता तेलाची फिकट चमक दिसते. वडील रोज ती बोटानं पुसतात आणि माझ्याकडे संशयानं बघतात. ती असायलाच हवी, एवढ्या पातळ थराशिवाय रबर क्रोमवर अडखळतं, हे त्यांना अजून पटलेलं नाही.