जातीय निवाडा देणारा पंतप्रधान: रॅम्से मॅक्डोनाल्ड यांची चढण आणि घसरण

मराठी वाचकाला रॅम्से मॅक्डोनाल्ड भेटतात ते पुणे कराराच्या आधीच्या पानावर. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटनच्या या पंतप्रधानांनी जातीय निवाडा जाहीर केला, अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ दिले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपोषण आरंभलं आणि २४ सप्टेंबरला डॉ. आंबेडकरांना करारावर सही करावी लागली. निवाडा देणारा माणूस मात्र त्या पानावरून लगेच नाहीसा होतो. त्या वेळी त्याला स्वतःचा पक्षच उरला नव्हता, हे कुणी फारसं सांगत नाही.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लॉसीमाउथ नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथे १८६६ साली, दोन खोल्यांच्या घरात त्यांचा जन्म झाला. आई अ‍ॅन रॅम्से शिवणकाम करायची, वडील शेतावर नांगर धरणारे मजूर. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. आई आणि आजीने मुलाला वाढवलं, गावच्या शाळेत तो शिकला आणि तिथेच धाकट्या मुलांना शिकवू लागला. पुढे लंडनला जाऊन कारकुनी केली, पोटाला चिमटा घेत वाचन केलं. १९०० मध्ये मजूर संघटनांनी संसदेत आपली माणसं पाठवण्यासाठी समिती काढली, तिचे ते चिटणीस झाले. १९०६ च्या निवडणुकीत या समितीचे २९ उमेदवार निवडून आले आणि मजूर पक्ष उभा राहिला. ती बांधणी मुख्यतः मॅक्डोनाल्ड यांची.

ऑगस्ट १९१४ मध्ये त्यांनी महायुद्धाला विरोध केला आणि पक्षाचं नेतेपद सोडलं. त्याची किंमत फार मोठी होती. ‘जॉन बुल’ साप्ताहिकाच्या होरेशियो बॉटम्लीने १९१५ मध्ये त्यांचा जन्मदाखला छापून अनौरसपणा चव्हाट्यावर आणला. गावाहून लंडनला निघालेल्या मॅक्डोनाल्ड यांना ही बातमी प्रवासातच कळली. दाखल्यावर आपलं आडनाव रॅम्से आहे, हेही त्यांना तेव्हाच समजलं. दुसऱ्या वर्षी गावातल्या गोल्फ क्लबने त्यांचं नाव काढून टाकलं. १९१८ मध्ये लेस्टरच्या मतदारांनी त्यांना पाडलं. या माणसाबद्दल मला जो आदर वाटतो, तो या चार वर्षांमुळे.

युद्धाचा उन्माद ओसरल्यावर तोच विरोध त्यांची पुण्याई ठरला. १९२२ मध्ये ते संसदेत आणि नेतेपदी परतले, आणि जानेवारी १९२४ मध्ये उदारमतवाद्यांच्या पाठिंब्यावर ब्रिटनचे पहिले मजूर पंतप्रधान झाले. सरकार नऊ महिने टिकलं, पण त्यातही आरोग्यमंत्री जॉन व्हीटली यांच्या कायद्याने नगरपालिकांना गरिबांसाठी भाड्याची घरं बांधायला पैसा मिळाला.

हिंदुस्थानशी त्यांचं नातं जुनं. १९०९ मध्ये ते इथे येऊन गेले. १९११ च्या काँग्रेस अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांना देऊ केलं होतं, पण त्याच वर्षी पत्नी मार्गारेट वारल्या आणि ते राहून गेलं. पुढे सनदी नोकऱ्यांविषयीच्या इस्लिंग्टन आयोगावर ते गोपाळ कृष्ण गोखल्यांचे सहकारी होते. म्हणून १९२९ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले तेव्हा इथे आशा वाटणं साहजिक होतं. आणि याच मजूर सरकारच्या काळात गिरणी कामगारांचे पुढारी मीरतच्या तुरुंगात खटला सोसत होते, सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि जानेवारी १९३१ मध्ये सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फाशी झाली. गोलमेज परिषदेच्या अध्यक्षस्थानावरून मॅक्डोनाल्ड जे सौजन्याने बोलत, ते या फाशीशेजारी ठेवून वाचावं लागतं.

त्यांची स्वतःची घसरण मात्र बेकारीमुळे झाली. मंदीने २५ लाखांहून अधिक लोक बेकार झाले होते, सरकारी तिजोरी आटत होती, पौंडावरचा विश्वास उडाला होता. न्यूयॉर्कहून कर्ज हवं तर खर्चकपात दाखवा, असा दबाव आला. बेकारी भत्ता दहा टक्क्यांनी कापायचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे होता. २३ ऑगस्ट १९३१, रविवारची रात्र. ११ मंत्री कपातीच्या बाजूने, ९ विरोधात. इतक्या फुटीवर सरकार चालणार नव्हतं. मॅक्डोनाल्ड राजीनामा घेऊन राजाकडे गेले, आणि दुसऱ्या दिवशी पंचम जॉर्जच्या आग्रहाने हुजूर व उदारमतवादी पक्षांना घेऊन ‘राष्ट्रीय सरकार’चे पंतप्रधान झाले. मजूर मंत्र्यांपैकी तिघेच त्यांच्यामागे गेले. पक्षाने त्यांची हकालपट्टी केली. पौंडाची किंमत सोन्याशी बांधणाऱ्या ज्या सुवर्णपरिमाणासाठी बेकारांच्या ताटातला घास काढायचा होता, ते महिन्याच्या आत, २१ सप्टेंबरला, सोडून द्यावं लागलं.

त्यांनी सत्तेच्या मोहाने दगा दिला, असं मजूर पक्षात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. मला ते पटत नाही. १९१४ सारखंच एकट्याने देशासाठी उभं राहतो आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पण १९१४ मध्ये झळ त्यांनी स्वतः सोसली होती, १९३१ मध्ये ती बेकारांच्या घरांना बसली. खुर्चीवरून मजुराचा हा मुलगा ते पाहू शकला नाही, आणि इथे मी त्यांना माफ करू शकत नाही.

ऑक्टोबरच्या निवडणुकीत राष्ट्रीय सरकारला ५५४ जागा मिळाल्या, त्यातल्या बहुतेक हुजूर पक्षाच्या. मजूर पक्ष पन्नासच्या आसपास उरला. निवाडा मॅक्डोनाल्ड यांच्या नावाने ओळखला जातो, पण तो देताना त्यांच्यामागचं बहुमत दुसऱ्याचं होतं. दृष्टी अधू होत चालली होती, भाषणात धागा सुटायचा. जून १९३५ मध्ये हुजूर पक्षाचे नेते बाल्डविन यांच्या हाती पंतप्रधानपद देऊन ते बाजूला झाले. त्याच वर्षी सीहॅम या त्यांच्याच मतदारसंघातल्या खाणकामगारांनी त्यांना वीस हजारांहून जास्त मतांनी हरवलं. विजयी उमेदवार मॅनी शिनवेल हे एकेकाळी त्यांच्याच सरकारात खाण खात्याचे मंत्री होते.

डॉक्टरांनी हवापालट सुचवला म्हणून ते धाकट्या मुलीसोबत दक्षिण अमेरिकेला निघाले. ९ नोव्हेंबर १९३७ रोजी बोटीवरच त्यांचं निधन झालं. अस्थी लॉसीमाउथजवळच्या स्पायनीच्या दफनभूमीत, मार्गारेटच्या कबरीत ठेवल्या आहेत.