मशेरीच्या डबीतलं निकोटीन

चूल पेटली की आजी लोखंडी तव्यावर तंबाखूची पानं टाकायची आणि पार काळी पडेपर्यंत भाजायची. त्या खाटाने घरभर ठसका लागायचा, आम्ही मुलं अंगणात पळायचो. गार झालेली पानं तळहातावर चोळून ती डबीत भरायची. मग उंबऱ्यात बसून चिमूटभर मशेरी बोटावर घेऊन बराच वेळ हिरड्यांवर फिरवत राहायची. बिडी ओढणाऱ्या आजोबांना सगळे व्यसनी म्हणत. आजीला तसं कुणीच म्हटलं नाही.

शरीर मात्र असा भेद करत नाही. हिरड्या आणि गालाच्या आतलं अस्तर नाजूक असतं, त्याखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. निकोटीन म्हणजे तंबाखूतलं सवय लावणारं द्रव्य. गिळलेलं निकोटीन आधी यकृतात जातं आणि बरंचसं तिथेच मोडतं. तोंडातून शोषलेलं निकोटीन यकृताला वळसा घालून रक्तात उतरतं आणि मेंदूपर्यंत पोचतं. तिथे डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं, तरतरी येते. साधारण दर दोन तासांनी रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं, म्हणून दुपार झाली की डोकं धरतं, चिडचिड होते आणि हात पुन्हा डबीकडे जातो. “मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही” असं बायका सांगतात, तेही खोटं नाही. निकोटीनने आतड्यांची हालचाल वाढते आणि शरीर त्यावरच विसंबायला लागतं.

भाजल्याने तंबाखूतलं विष जळून जातं, हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. तंबाखूत कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स असतातच, भाजताना त्यात बेंझोपायरीनसारख्या द्रव्यांची भर पडते. सिगारेटच्या धुरातही हीच द्रव्यं सापडतात.

गरोदरपणात तर दोन जीवांचा प्रश्न असतो. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू वापरणाऱ्यांपैकी बहुतेकींना मशेरीचीच सवय होती. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं आणि ती सुमारे सहा दिवस आधी जन्मली. आधीच अशक्त असलेल्या आईच्या बाळाला एवढी घटही जड जाते.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत ती पोचत नाही.

सोडताना पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कठीण जातात, नंतर दोन-चार आठवड्यांत त्रास ओसरत जातो. १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळतं. तोंडात पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसला किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं.

आणि दवाखान्यात बाईला नुसतं “तंबाखू खाता का?” असं विचारू नये. ती प्रामाणिकपणे “नाही” म्हणेल. “मशेरी लावता का?” असं विचारलं, की डबी कनवटीतून बाहेर येते.