पोच वेगळी, दाखला वेगळा

जर्मनीत नव्याने आलेल्या कुणाचा फोन आला की प्रश्न काय असणार हे मला आता 'हॅलो' म्हणायच्या आतच कळतं. "ताई, बँकेने मेल्डेबेशायनिगुंग मागितलंय. आनमेल्डुंगच्या दिवशी मिळालेला कागद आहे माझ्याकडे. तोच ना?" तोच नव्हे. तो मेल्डेबेश्टेटिगुंग, म्हणजे पत्ता नोंदवल्याची पोच; बँकेला हवा तो पत्त्याचा दाखला. सुरुवात सारखी, शेपूट सारखं, मधली दोन-तीन अक्षरं काय ती वेगळी. पण त्या दोन-तीन अक्षरांपायी लोकांची अर्ध्या-अर्ध्या दिवसाची रजा बुडताना मी पाहिली आहे. त्यातली एक माझीच होती.

आनमेल्डुंग म्हणजे काय हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. नव्या घरात राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत ब्युर्गरआम्टमध्ये पत्ता नोंदवायचा. या कार्यालयाचं नाव गावागणिक बदलतं, म्युनिकमध्ये ते ब्युर्गरब्युरो होतं, काम तेच. उशीर झाला तर कायद्यात 1,000 युरोपर्यंत दंड आहे. एरवी परदेशात राहणारा माणूस कंपनीच्या कामाने थोड्या दिवसांसाठी आला असेल, तर त्याला पहिले 3 महिने नोंदणीची सक्ती नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. घोळ सुरू होतो तो नोंदणी झाल्यावर.

म्हणजे, तसा तो आधीही थोडा होतोच. घरमालकाकडून सही करून आणायचा एक कागद असतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. यातही 'बेश्टेटिगुंग' आहे, म्हणून काही जण हाच पत्त्याचा पुरावा समजून बँकेत नेतात. बाबांनो, हा कागद ब्युर्गरआम्टला द्यायचा असतो, तिथून मिळालेला नसतो. 'अमुक माणूस अमुक तारखेला माझ्या जागेत राहायला आला' एवढंच त्यात मालक सांगतो. त्याच्या जागी भाडेकरार चालत नाही. 2015 च्या आधी इथे आलेले लोक "कशाला हवा तो कागद, आम्ही तर असंच नोंदवलं" म्हणतात, आणि त्यांच्यापुरतं ते खरंही आहे. घरमालकाच्या सहीची अट मधली बरीच वर्षं नव्हती, ती 1 नोव्हेंबर 2015 ला नव्या बुंडेसमेल्डेगेझेत्सने, म्हणजे नोंदणीच्या केंद्रीय कायद्याने, परत आणली. तेव्हा सल्ला घेताना सल्ला देणारा कोणत्या साली आला हे आधी विचारा. आणखी एक. सही घराच्या मूळ मालकाचीच लागते असं नाही. तुम्ही कुणाच्या तरी घरात पोटभाडेकरू असाल, तर तुम्हाला खोली देणारा मुख्य भाडेकरूच तुमचा 'वोनुंग्सगेबर'. आणि पैसे घेऊन नुसता पत्ता 'देणारे' जे महाभाग इंटरनेटवर भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. राहायला न येणाऱ्याला पत्ता देणाऱ्यासाठी याच कायद्यात 50,000 युरोपर्यंत दंड आहे.

आता मूळ मुद्दा.

मेल्डेबेश्टेटिगुंग ही पोच आहे. मेल्डेबेशायनिगुंग हा दाखला आहे.

मराठी माणसाला यापेक्षा जास्त समजवावं लागू नये, कारण हा फरक आपण शाळेपासून जगलो आहोत. प्रवेश घेतला की फी भरल्याची पावती मिळते. बसच्या पासासाठी मात्र पावती चालत नाही, बोनाफाईड आणायला सांगतात. का? पावती सांगते, अमुक तारखेला या पोराने प्रवेश घेतला. तो दुसऱ्याच आठवड्यात शाळा सोडून गेला असेल, तर ते पावतीला कुठून कळणार? बोनाफाईड सांगतं, आज, हा कागद देताना, हे पोरगं आमच्या पटावर आहे. पावतीत घडलेली गोष्ट असते, बोनाफाईडमध्ये आजची स्थिती.

अगदी तसंच इथे. कायद्याच्या कलम 24 मध्ये पोच येते: तुम्ही नोंदणी केलीत, म्हणून तुम्हाला ती केल्याची लेखी पोच मिळते, आणि फुकट मिळते. तिच्यावर नाव, पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि नोंदणीची तारीख असते. कलम 18 मध्ये दाखला येतो: तो मागावा लागतो, बहुतेक ठिकाणी फी भरून, आणि फी शहरागणिक वेगळी. बर्लिनमध्ये 10 युरो. दाखला देताना कारकून आजचं नोंदणीपुस्तक उघडतो आणि आज तिथे जे लिहिलंय ते शिक्क्यासकट देतो. पोच तुमच्या फाइलमध्ये पडून राहते. तुम्ही घर बदललं, तरी ती तशीच्या तशी, शिक्का ठळक, कागद पांढराशुभ्र. घर बदलल्याची खबर तिला नसते.

माझी रजा बुडाली ती यामुळेच. एका बँकेत खातं उघडायला मी दोन वर्षांपूर्वीची पोच घेऊन गेले. मधे घर बदललेलंच नव्हतं, पत्ता तोच, म्हणून मी अगदी निर्धास्त. खिडकीमागच्या बाईंनी कागद हातात घेतला, तारीख बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही तिथे राहायला आलात हे मला कळलं. आता कुठे राहता?" मी म्हटलं, तिथेच. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही सांगताय. कागद सांगत नाहीये." राग आला, पण बाई बरोबर होत्या.

याच कारणासाठी "दाखल्याची मुदत किती?" हा प्रश्नही मला चुकीचा वाटतो. कागदावर मुदत छापलेली नसते. किती ताजा दाखला हवा ते घेणारा ठरवतो. कुणाला 3 महिन्यांच्या आतला लागतो, कुणाला त्याहून जुनाही चालतो. म्हणून चार प्रती आधीच काढून ठेवण्याचा शहाणपणा करू नका. शिळा झालेला दाखला आणि जुनी पोच यांत बँकेच्या दृष्टीने काही फरक उरत नाही. ज्याने मागितलाय त्याला विचारा, मगच काढा.

आता एक कळकळीची विनंती. या बाबतीत जर्मन सहकाऱ्याचा सल्ला घेऊ नका. माणूस भला असतो, मदतीला धावतोही, पण त्याला हा प्रश्न आयुष्यात फारसा पडलेलाच नसतो. त्याच्या पेर्झोनालआउसवाइसवर, म्हणजे ओळखपत्रावर, मागच्या बाजूला पत्ता छापलेला असतो. ते कार्ड पुढे केलं की ओळख आणि पत्ता दोन्ही मिटतात. आपण पुढे करतो तो भारतीय पासपोर्ट, आणि त्यात इथला पत्ता नोंदवून घेतलेला असला तरी बँकेच्या लेखी तो या देशातल्या नोंदणीचा पुरावा होत नाही. म्हणून परदेशी माणसाकडे 'पासपोर्ट आणि सोबत मेल्डेबेशायनिगुंग' अशी जोडी मागतात. सहकारी मात्र छातीठोकपणे सांगतो, "तो आनमेल्डुंगचा कागद दे, चालेल." कधी चालतोही, समोरचा कारकून सैल असला तर. त्याच्या भरवशावर मी तरी घराबाहेर पडणार नाही.

"पण आपल्या रेसिडेन्स परमिटच्या कार्डावरही पत्ता असतो की!" असतो. घर बदललं की त्यावर नव्या पत्त्याचा स्टिकर लागतो आणि आतल्या चिपमध्येही बदल होतो. काही ठिकाणी तेवढ्यावर भागतं. पण ते कार्ड मुख्यतः राहण्याच्या परवान्याचं, आणि जिथे 'पासपोर्ट अधिक दाखला' अशी यादी लिहूनच ठेवली आहे तिथे वाद घालत बसण्यात हशील नाही. स्टिकर लावून घ्यायला मात्र विसरू नका. जुन्या पत्त्याचं कार्ड आणि नव्या पत्त्याचा दाखला एकत्र पुढे केलात तर पुढची 20 मिनिटं खुलासे करण्यात जातील.

नावांच्या बाबतीत कार्यालयंही कमी नाहीत. पोचेला कुठे 'आनमेल्डेबेश्टेटिगुंग' म्हणतात, बोलताना तर सगळे नुसतं 'आनमेल्डुंग' म्हणून मोकळे होतात, आणि त्यामुळे 'आनमेल्डुंग आणा' म्हणणाऱ्याला नेमकं काय हवंय हे त्यालाही माहीत नसतं. तेव्हा तोंडी सांगितलेल्या नावावर जाऊ नका. 'तारीख ताजी हवी का?' एवढंच विचारा. 'हो' आलं की दाखला, 'चालेल जुनी' आलं की पोच.

सगळ्यात वैताग आणतो तो 'आउफएनथाल्ट्सबेशायनिगुंग' हा शब्द. लग्न नोंदवायला गेलेल्या एका मुलाला विवाह नोंदणी कार्यालयाने हा कागद आणायला सांगितलं. 'आउफएनथाल्ट' म्हटल्यावर तो थेट परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, आउसलेंडरबेहोर्डेत, अपॉइंटमेंट शोधत बसला, आणि ती मिळायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीतच आहे. त्या कागदाचा आपल्या व्हिसाशी काही संबंध नसतो. तो दाखल्याचाच मोठा भाऊ, एरवाइटर्टे मेल्डेबेशायनिगुंग, म्हणजे विस्तारित दाखला. साध्या दाखल्यात नाव, जन्मतारीख, पत्ता. विस्तारितमध्ये मागाल तशी भर पडते: जन्मगाव, नागरिकत्व, विवाहित की अविवाहित, धर्माची नोंद, राहायला आल्याची तारीख. लग्नासाठी हाच लागतो, आणि तो त्याच ब्युर्गरआम्टमध्ये मिळतो जिथे तुम्ही नोंदणी केलीत.

राहायला आल्याची तारीख निघाली म्हणून सांगते. साध्या दाखल्यात ती असेलच असं नाही, पोचेवर ती असते. म्हणजे जिथे 'कधीपासून?' हा प्रश्न आहे, तिथे पोचच कामाला येते. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्सवर इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून 6 महिनेच गाडी चालवता येते. हे 6 महिने कधी सुरू झाले याची चर्चा निघाली की पोच काढून दाखवावी लागते. ती कचऱ्यात टाकू नका एवढंच माझं म्हणणं. हरवली तर सहसा दुसरी पोच मिळत नाही, फी भरून दाखलाच घ्या म्हणतात, आणि मग त्यात ती तारीख घाला असं आवर्जून सांगावं लागतं.

बाकीचे फरक किरकोळ. दोन्ही जर्मनमध्येच असतात. दाखला बऱ्याच शहरांत ऑनलाइन किंवा पोस्टाने मागवता येतो, त्यासाठी रजा घ्यायची गरज नाही. पोस्टाने मागवत असाल तर आधी पत्रपेटीवर तुमचं नाव चिकटवलंय ना ते बघा. इथे पोस्टमन फ्लॅट नंबर नाही, नाव बघतो. नाव नसेल तर पाकीट परत जातं. 11 आकडी कर क्रमांकाचं पत्र "अजून आलंच नाही" म्हणून ओरडणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पेट्यांवर आधीच्या भाडेकरूचं नाव असतं, असा माझा संशय आहे.

आणि शेवटी ज्याची कुणालाच आठवण राहत नाही ते. देश सोडून जाताना आबमेल्डुंग, म्हणजे नोंदणी रद्द करायची असते. जर्मनीतल्या जर्मनीत घर बदललं तर तिची गरज नसते, नव्या घराची नोंदणी केली की जुनी आपोआप सुटते. देश सोडताना मात्र ती करावीच लागते, निघण्याच्या फार तर एक आठवडा आधीपासून. तिची जी पोच मिळते तिलाही कायद्यात मेल्डेबेश्टेटिगुंगच म्हणतात. एकाच नावाचा कागद एकदा 'आलो' सांगतो आणि एकदा 'गेलो'. पोच ही घडलेल्या गोष्टीची असते म्हणते ती याचसाठी. इंटरनेटचं कनेक्शन तोडायला आणि दर महिन्याला 18.36 युरो घेणाऱ्या रुंडफुंकबायट्रागमधून, म्हणजे रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीतून, सुटायला हीच 'गेलो'ची पोच मागतात. विमानात बसायच्या आधी तिचा फोटो काढून ठेवा. तुम्ही इथून गेलात की 'आज इथे राहतात' असा दाखला कुठलंच ब्युर्गरआम्ट देणार नाही, कितीही फी भरलीत तरी.