पेरूचा व्हिसा, यलो फीव्हरचा दाखला आणि माचू पिच्चूचे तिकीट: प्रवासी नेमके कुठे अडतात

पेरूतील कुस्को शहरात कोरिकांचा या इंका सूर्यमंदिराच्या गडद, सांधाही न दिसणाऱ्या दगडी भिंतींवर स्पॅनिशांनी सांतो दोमिंगोचा मठ उभारला. 1950 च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली, तरी खालच्या इंका भिंती जागच्या हलल्या नाहीत. हे पाहण्यासाठी वर्षानुवर्षे पैसे साठवणारी माणसे मला ठाऊक आहेत, आणि त्यांतील काहींना मुंबईच्या विमानतळावरील चेक-इन काउंटरवरूनच परत फिरावे लागले, हेही ठाऊक आहे. पैसे कमी पडले म्हणून त्यांतील कोणीही परतले नव्हते. प्रत्येकाची गफलत एखाद्या तारखेत किंवा नियमातल्या एखाद्या शब्दात झाली होती.

भारतीय पासपोर्टधारकाला पेरूसाठी व्हिसा लागतो, हा मूळ नियम आहे. 2017 पासून त्यात एक सवलत आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा (एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांचा) व्हिसा अथवा तेथील कायमच्या निवासाचा परवाना असणाऱ्या भारतीयाला पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही आणि वर्षभरात एकूण 180 दिवसांपर्यंत राहता येते. येथवर सगळे वाचतात. पुढची अट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पेरूत पाऊल ठेवण्याच्या दिवशी त्या व्हिसाची किमान सहा महिने मुदत शिल्लक असली पाहिजे. म्हणजे 10 जूनला पेरूची राजधानी लिमात उतरणाऱ्याचा अमेरिकी व्हिसा निदान 10 डिसेंबरपर्यंत चालणारा हवा. पासपोर्टचीही सहा महिन्यांची मुदत पाहिली जाते, त्यामुळे या दोन अटींची गल्लत होते आणि 'सहा महिने आहेत की' असे म्हणताना माणूस पासपोर्टकडे बोट दाखवत असतो.

सर्वांत जास्त फसतात ते शेंगेन व्हिसावाले. स्पेन पाहून पुढे पेरूला जाण्याचा बेत सुरेख आहे, पण शेंगेन व्हिसा बहुधा सहलीपुरत्याच दिवसांचा मिळतो. वीस-पंचवीस दिवसांच्या व्हिसावर ही सवलत लागू होत नाही, आणि विमान कंपनी अशा प्रवाशाला विमानात बसू देणार नाही.

अमेरिकेत एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींची अडचण वेगळी आहे. त्यांतील अनेकांच्या पासपोर्टवरील व्हिसा केव्हाच संपलेला असतो. तेथे राहण्याची परवानगी मुदतवाढीच्या मंजुरीपत्रावर चालू असते. पेरूच्या नियमातील शब्द मात्र 'व्हिसा' आणि 'कायमचा निवास' असे आहेत. मंजुरीपत्र या दोहोंपैकी काहीच नव्हे. अशांनी राहत्या भागातील पेरूच्या वाणिज्य दूतावासाकडे रीतसर अर्ज करावा, हे उत्तम. चालू असलेला व्हिसा जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टवर असेल, तर दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवावेत.

सवलत नसणाऱ्यांसाठी नवी दिल्लीतील पेरूच्या दूतावासाची प्रक्रिया आहे. भरलेला अर्ज, फोटो, पासपोर्ट, जाण्या-येण्याचे आणि राहण्याचे आरक्षण, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि नोकरदारांसाठी रजा मंजुरीचे पत्र अशी कागदपत्रे लागतात. यात अवघड काही नाही. अवघड आहे ते नाव. स्पॅनिश रिवाजानुसार माणसाला दोन आडनावे असतात, पहिले वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे, आणि अर्जातील रकाने त्या हिशेबाने आखलेले असतात. मराठी माणूस 'दुसरे आडनाव' पाहतो आणि तेथे वडिलांचे किंवा पतीचे नाव लिहून मोकळा होतो. पासपोर्टवर ते नाव स्वतःच्या नावाला जोडून आलेले असते, म्हणून दोन कागद जुळत नाहीत. नियम एकच लक्षात ठेवावा: पासपोर्टवर नाव आणि आडनाव जसे विभागले आहे, तसेच ते अर्जात उतरवावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी विमानाचे तिकीटही पासपोर्टवरील नावानेच काढावे.

भारतातून लिमाला थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे जाणाऱ्याला तेथे केवळ विमान बदलायचे असले, तरी अमेरिकी व्हिसा लागतोच. इतर देशांचे ट्रान्झिटचे नियम निरनिराळे आहेत. ते तिकीट काढण्यापूर्वी पाहावेत.

आता जो कागद जवळजवळ कोणाकडेच नसतो, त्याविषयी. यलो फीव्हरच्या लसीचा दाखला, म्हणजेच पिवळे कार्ड, भारतात परतण्यासाठी लागतो. कुस्को सुमारे 3400 मीटर उंचीवर आहे, इंकांचे प्राचीन नगर माचू पिच्चू 2430 मीटरवर. तेथे डासांमुळे पसरणाऱ्या या रोगाचा धोका नाही आणि केवळ तेवढाच भाग पाहणाऱ्यांना लस आवश्यक नाही, असे प्रवासाच्या माहितीत ठिकठिकाणी वाचायला मिळते. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर आहे. परंतु भारताचा नियम डोंगर आणि जंगल असा भेद करत नाही. तो देश पाहतो, आणि पेरू यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत आहे. पेरू सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत दाखल्याविना भारतात उतरणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. तीन आठवड्यांच्या प्रवासाने थकलेल्या वृद्ध दांपत्याला हे विमानतळावर प्रथमच कळावे, याचे मला फार वाईट वाटते, कारण तिकीट विकणाऱ्यांनी ही एक ओळ सांगायला काहीच हरकत नव्हती.

ही लस केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच घ्यावी. खासगी दवाखान्यातील चिठ्ठी चालत नाही. दाखला लसीनंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो आणि 2016 पासून तो आयुष्यभर चालतो. लस जिवंत विषाणूची आहे, म्हणून साठी ओलांडलेल्यांनी, अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांशी बोलावे, आणि हे बोलणे तिकीट काढण्यापूर्वी व्हावे.

माचू पिच्चूचे तिकीट हाही एक अर्जच आहे. रोज साधारण 4500 आणि गर्दीच्या ठरावीक दिवशी 5600 जणांनाच प्रवेश मिळतो. तिकिटावर नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवेशाची वेळ आणि मार्ग छापलेला असतो. यांपैकी काही नंतर बदलून मिळत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. 2024 पासून तीन सर्किटे, म्हणजे आत फिरण्याचे ठरलेले मार्ग, आहेत. एका सर्किटच्या तिकिटावर दुसऱ्यात शिरता येत नाही, म्हणून प्रत्यक्ष अवशेषांमधून हिंडायचे असेल, तर दुसरे सर्किट मागावे. प्रवेशद्वारावर मूळ पासपोर्ट पाहतात, झेरॉक्स नव्हे. तिकीट काढल्यावर पासपोर्टचे नूतनीकरण करणारे येथे हमखास अडकतात. त्यांनी जुना पासपोर्ट जवळ ठेवावा, किंवा त्याहून बरे म्हणजे आधी नवा पासपोर्ट काढावा. पायी जाण्याच्या इंका ट्रेलवर हमालांसह रोज 500 जणांचीच मर्यादा आहे, आणि फेब्रुवारीत ती वाट बंद असते.

कुस्कोत 130 सोलचे (सोल हे पेरूचे चलन) सामाईक तिकीट मिळते. ते दहा दिवस चालते आणि त्यात सोळा स्थळे येतात, पण कोरिकांचा आणि कॅथेड्रल त्यात नाहीत, हे दारात पोहोचल्यावर कळते. कॅथेड्रलचे तिकीट वेगळे काढावे लागले, तरी ते टाळू नये. आत मार्कोस सापाता या कुस्कोच्या चित्रकाराचे येशूच्या शेवटच्या भोजनाचे चित्र आहे, आणि मेजाच्या मध्यभागी ताटात अँडीज पर्वतभागात घरोघरी पाळला जाणारा कुई, म्हणजे गिनीपिग, भाजून ठेवलेला आहे.